इंजिनाचे नाव मोजपट्टी सांगते

डोंबिवलीकरांना ‘प्रीमियर’ हे नाव नवे नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर या कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, फार्गो, डिसोटो या नावांचे तिचे मालट्रक रस्तोरस्ती दिसत. त्यांपैकी अनेकांत पर्किन्सचे डिझेल इंजिन असे. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचे ट्रकही बनू लागले.

ट्रक मोडीत निघतो, पण इंजिन उरते. कुठे ते पाण्याच्या पंपाला जोडले जाते, कुठे खडी फोडण्याच्या यंत्राला, तर कुठे तंत्रशाळेच्या कार्यशाळेत येऊन पडते. नावाची पट्टी केव्हाच गेलेली असते आणि वर रंगाचे थर चढलेले असतात. नाव ठाऊक नसेल तर योग्य गॅस्केट, रिंगा, बेअरिंग मागवता येत नाहीत. मग चालू होऊ शकणारे इंजिनही वजनावर भंगारात जाते. ते वाचवायचे तर आधी त्याची ओळख पटवायला हवी. शालेय विज्ञान त्याला पुरेसे आहे.

प्रथम डोळ्यांनी पाहू. स्पार्क प्लग असतील तर इंजिन पेट्रोलचे. इंधन पंपातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या पोलादी बारीक नळ्या असतील तर ते डिझेलचे. पंपावर ‘मायको’ असे लिहिलेले आढळले तर घाई करू नये. ते पंप बनवणाऱ्याचे नाव आहे, इंजिनाचे नव्हे. ब्लॉकवरचे उठावाचे आकडे ओतकामाच्या वेळचे असतात, म्हणजे ते त्या सुट्या भागाचा क्रमांक सांगतात. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ठशाने ठोकलेला, म्हणजे खोलगट असतो. पुष्कळदा तो गंजात गेलेला असतो.

आता मोजमापाकडे वळू. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, आणि दट्ट्या वर-खाली जितके अंतर जातो तो स्ट्रोक. एका सिलिंडरचे घनफळ = ०.७८५४ × व्यास × व्यास × स्ट्रोक. त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणले की इंजिनाची धारिता मिळते. सहा सिलिंडरच्या काही जुन्या इंजिनांची मापे अशी:

पर्किन्स पी-६ : ८८.९ × १२७ मिमी, ४,७३० घनसेंमी
मर्सिडीज ओएम ३१२ : ९० × १२० मिमी, ४,५८० घनसेंमी
टाटा ६९२ : ९२ × १२० मिमी, ४,७८६ घनसेंमी
पर्किन्स ६.३५४ : ९८.४ × १२७ मिमी, ५,७९८ घनसेंमी
टाटा ६९७ : ९७ × १२८ मिमी, ५,६७५ घनसेंमी

नावांतच माहिती दडलेली आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिमी बोअर. ६.३५४ म्हणजे सहा सिलिंडर आणि ३५४ घनइंच धारिता.

तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळी पाहा. वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात सिलिंडर झिजून रुंदावतो. झीज आणि मोजण्यातली चूक मिळून ६९७ चा बोअर ९७ ऐवजी ९८ मिमी भरला, तर गणिताने धारिता ५,७९३ येईल, म्हणजे जवळजवळ पर्किन्सइतकी! व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे त्यातली एक टक्का चूक घनफळात दोन टक्के होते. म्हणून केवळ धारितेवरून निकाल देऊ नये.

स्ट्रोकचे तसे नाही. तो क्रँकशाफ्टच्या घडणीने ठरतो आणि सिलिंडरच्या झिजेने बदलत नाही. हेड काढून फ्लायव्हील हाताने फिरवावे. दट्ट्या सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना ब्लॉकच्या माथ्यापासून त्याची खोली व्हर्निअरच्या मागच्या दांडीने मोजावी. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. शाळेतल्या व्हर्निअरवर ०.१ मिमी वाचता येते, त्यामुळे १२७ आणि १२८ यांतला फरक सहज कळतो. पी-६ आणि ६९२ यांच्या धारितेत सव्वा टक्क्याहून कमी अंतर आहे, पण स्ट्रोक मात्र ७ मिमीने वेगळे आहेत.

दुसरा साक्षीदार बोल्ट. पर्किन्स इंग्लंडमधल्या पीटरबरोची आणि तिची ही इंजिने इंचांत आखलेली, तर मर्सिडीजची परंपरा मिलिमीटरची. अर्ध्या इंची बारीक आट्याच्या बोल्टवर एका इंचात बरोबर २० आटे भरतात. १२ मिमीच्या नेहमीच्या बोल्टवर दहा आट्यांना १७.५ मिमी लागतात. मात्र एका बोल्टवर विसंबू नये, कारण दुरुस्तीत तो बदललेला असू शकतो. मूळ ब्लॉकमधले चार-पाच आटे तपासावेत.

काही पुरावे दिसायला भरघोस, पण निरुपयोगी असतात. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ सापडला म्हणून ओळख पटत नाही. पर्किन्स ६.३५४ आणि टाटा ६९७ या दोहोंत तोच क्रम आहे. जो गुण दोन्ही संशयितांत सारखा, तो त्यांच्यातला निवाडा करू शकत नाही. पट्टी पुसली गेली तरी इंजिनाच्या घडणीत त्याची ओळख शिल्लक असते. कोणते माप काळाने बदलते आणि कोणते बदलत नाही, एवढे आधी ठरवावे लागते.

वर्गात ट्रकचे इंजिन आणता येणार नाही, पण सायकलचा पंप आणता येईल. विद्यार्थ्यांच्या गटांनी त्याचा आतला व्यास आणि दट्ट्याची चाल मोजून घनफळ काढावे आणि गटागटांच्या उत्तरांतला फरक व्यासामुळे पडला की लांबीमुळे, ते शोधावे. मग बजाज चेतक स्कूटरचे उदाहरण द्यावे: बोअर ५७ मिमी, स्ट्रोक ५७ मिमी, सिलिंडर एक. उत्तर १४५.४५ घनसेंमी येते का, ते मुलांनाच पडताळू द्यावे.