दोर, वेढा आणि गाठ

दोर ही वस्तू खेड्यात इतकी नित्याची आहे की तिच्याविषयी काही शिकवावयाचे असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गोठ्यात दावे असते, बैलांना कासरा असतो, आडावर पोहरा असतो. परंतु एखादे मूल विहिरीत पडले वा जांभळाच्या शेंड्यावर अडकले, की घराघरांतून दोर धावत येतात आणि तो कोठे बांधावा, कसा बांधावा, कोणी धरावा याचाच घोळ होतो. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. पाटगावकडील गावे त्याहूनही दूर. ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावेच, तथापि पहिला अर्धा तास गावालाच निभवावा लागतो.

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरनजीक आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. त्या खोल दरीतून मृतदेह वर आणण्याचे काम दोरांच्या आधाराने झाले व त्यात महाबळेश्वर परिसरातील गिर्यारोहक पुढे होते. अशा तरुणांचे कौशल्य केवळ दंडातील बळाचे नसते. त्याचा मोठा भाग घर्षणाच्या ज्ञानाचा असतो, आणि ते ज्ञान प्राथमिक शाळेच्या अंगणात सहज देता येते.

दोरीचा मल्लखांब पाहिलेल्या मुलास हे लवकर पटेल. तेथे दोरीला आधाराची एकही गाठ नसते. पायाच्या अंगठ्याची पकड आणि अंगाभोवतीचे वेढे एवढ्यावर खेळाडू अधांतरी तोलून राहतो. हीच गोष्ट झाडाशी करून दाखवावी. मैदानातील भक्कम झाडाच्या बुंध्यास दोराचे दोन वेढे घालावेत. एका टोकास वर्गातील चार दांडगे मुलगे ओढावयास लावावेत व दुसरे टोक सर्वांत लहान मुलीच्या हाती द्यावे. मुलगी हरत नाही. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने धरणाऱ्याचे बळ सहापटींहून अधिक, तर दोन वेढ्यांनी चाळीसपटींहून अधिक वाढते. वेढ्यांनी पटींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल. म्हणूनच माणसास खाली सोडताना दोर नुसत्या हातांत धरू नये, बुंध्यास वेढा देऊन सोडावा.

याच तत्त्वावरील एक गाठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली वर्णिली. बारीक दोरीचे कडे करून ते जाड दोराभोवती तीनदा गुंडाळावयाचे व दर वेळी त्याच कड्यातून काढावयाचे. भार नसता ही गाठ हाताने वर सरकते. भार पडताच जागी आवळते. झाडांवर चढून फांद्या उतरविणारे कुशल कामगार आजही याच कुळातील गाठी वापरतात. वर्गात ती हाताच्या उंचीवर दाखवावी. तिच्या भरवशावर विद्यार्थ्यास झाडावर मुळीच चढवू नये.

मुलांस पक्की यावयास हवी ती न सरकणारी फाशी, जिला बालवीर बोलाइन म्हणतात. उभ्या दोरात एक लहान कडे करावे. मोकळ्या टोकाकडील पदर वर असावा. ते टोक कड्यातून खालून वर काढावे, उभ्या दोरामागून वळवावे व त्याच कड्यातून खाली न्यावे. साप विहिरीतून वर आला, झाडामागून गेला, पुन्हा विहिरीत उतरला, असे सांगितले की पहिलीची मुलेही ती विसरत नाहीत. टोक चांगले वीतभर उरले पाहिजे. घाईत बहुधा सरकफास घातला जातो, आणि तो ओढताच छाती आवळून श्वास कोंडतो. गावातील वडीलधाऱ्यांसही हा भेद दाखविणे इष्ट.

विहिरीत पडलेला मनुष्य शुद्धीवर असेल तर फाशी त्याने काखांखाली घ्यावी. वरचे टोक कठड्यास न बांधता झाडाच्या बुंध्यास बांधावे. दगडी काठावर दोराखाली गोणपाट घालावे, कारण धारेवर ताणलेला दोर पाहता पाहता तुटतो. ट्रॅक्टरने ओढू नये. माणूस कोठे अडकला हे यंत्रास कळत नाही. पडक्या, बंद विहिरीत तर कोणी उतरूच नये. तेथे प्राणवायू कमी असतो, कधी विषारी वायूही असतो, आणि एकास काढावयास दुसरा, दुसऱ्यास तिसरा असे बळी जातात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही: विषारी वायूतही दिवा जळत राहू शकतो आणि ज्वलनशील वायू असल्यास भडका उडतो.

दोराविषयी थोडेसे. मोटेबरोबर जाड नाडाही गेला. आता बहुतेक घरी प्लॅस्टिकचा दोर असतो व तो उन्हाने कमकुवत होतो. अंबाडीचा वा घायपाताचा दोर आतून कुजतो, म्हणून पीळ उकलून पाहावा. भुकटी निघाल्यास तो गुरांपुरता ठेवावा. चांगल्या दोराचीही ताकद गाठीपाशी बरीच घटते. शाळेत एक जाड दोर निराळा, सावलीत, कोरडा टांगावा. त्याने कपडे वाळत घालू नयेत, रस्सीखेचही खेळू नये.