केमो संपली, आता चाला

कल्याण-डोंबिवलीतून मुंबईला केमोसाठी ये-जा करणाऱ्या घराचं सगळं वेळापत्रक सायकलवर बेतलेलं असतं. रक्त कधी तपासायचं, काउंट बरे आले तर डोस, पडले तर पुढची तारीख, रजा कोणी काढायची, डबा कोणी द्यायचा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे, हे कुणीतरी तिसऱ्या-चौथ्या फेरीला सांगतं. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "ही शेवटची. आता तीन महिन्यांनी दाखवायला या." घरात पेढे येतात. आठवडाभरात लक्षात येतं की लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसरा मजला चढताना मध्येच कठड्याला धरून थांबावं लागतंय, जिभेला चव नाही, बोटांना मुंग्या आहेत. आणि त्या तीन महिन्यांत काय करायचं, याबद्दल फाइलमध्ये बहुधा एक ओळही नसते.

ही रिकामी जागा घरचे लोक एका वाक्याने भरून काढतात. "आई, तू आता फक्त आराम कर." सल्ला मायेचा आहे, पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, आणि याचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा २०२५ मध्ये हाती आला. त्याकडे वळण्याआधी शरीरात काय घडून गेलेलं असतं ते पाहू.

केमोची बरीच औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी तशी असतेच, पण अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि जिभेवरच्या रुचिकलिकांमधल्या पेशीही त्याच जातीच्या. म्हणून नुकसान तिथे होतं आणि भरपाईही तिथेच आधी सुरू होते. फक्त प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतात. त्यामुळे डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत त्यांचा आकडा तळ गाठतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुधा सावरतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हिमोग्लोबिन सावकाश उतरतं आणि सावकाशच चढतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सरळ केसांच्या बाईला नवे केस कुरळे येतात, ही घरोघरची गंमतही खरीच आहे.

नसांचं गणित सर्वांत लांबचं. पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवून टाकतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशीला विभागता येत नाही. पण याच नलिका चेतातंतूमधून मालाची ने-आण करणारे रूळ असतात. मेन लाइनवर कुठेही बिघाड झाला की कसारा आणि कर्जत आधी तुटतात, तसं इथेही होतं. सर्वांत लांब तंतूंची शेवटची टोकं, म्हणजे पायाची आणि हाताची बोटं, आधी बधिर होतात. ब्लाउजचा हुक लागत नाही, नाणं हातातून पडतं, जिन्यावर चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्यांना तर फ्रिजमधली बाटली धरली तरी चटका बसल्यासारखं होतं, आणि हे औषध थांबल्यावरही काही महिने मुंग्या वाढू शकतात. केमो संपूनही त्रास वाढला, म्हणजे आजार उलटला, अशा भीतीने अनेक जण झोप घालवतात. तंतू पुन्हा वाढतो तो फार तर दिवसाला मिलिमीटरभर, त्यामुळे वाट महिन्यांच्या हिशेबात पाहायची असते. दुखणं फार असेल तर ड्युलोक्सेटिनचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. 'नसांच्या ताकदीचं' म्हणून दुकानात मिळणारं मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन हे असंच लोकप्रिय पूरक. टॅक्सेन गटाची केमो घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रियांवर त्याची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला, तेव्हा बधिरपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला आढळला.

आता थकवा. हा दिवसभर राबून येणारा थकवा नव्हे, कारण तो झोपून जात नाही. रक्त कमी झालेलं असतं, शरीरात दाह चालू असतो, झोप मोडलेली असते, मन खचलेलं असतं. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन स्नायू झिजवतं, आणि पडून राहिल्याने तेच काम आणखी वेगाने होतं. स्नायू गेले की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस आणखी पडून राहतो. या टप्प्यावर आपल्याकडे 'ताकदीचं सलाइन' लावायची पद्धत आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. चहात घातली असती तर पैसे आणि नस दोन्ही वाचले असते. थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, वेदना आणि नैराश्य या पाच गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. त्यांतलं काही सापडलं तर त्यावर उपचार आहेत.

आणि चालावं. हा वडीलधाऱ्यांचा उपदेश राहिलेला नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या 'चॅलेंज' या चाचणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले, शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण केलेले ८८९ रुग्ण घेतले होते. निम्म्यांना फक्त आहार-व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्या निम्म्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षांचा व्यायामाचा कार्यक्रमही दिला. व्यायाम कुठला करायचा ते ज्याने-त्याने ठरवायचं होतं. आठवड्यातून तीन-चारदा पाऊण ते एक तास भरभर चालणं, एवढी वाढ पुरेशी होती. जून २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगत असलेल्यांचं प्रमाण पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के होतं, व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेले अनुक्रमे ८३.२ आणि ९०.३ टक्के. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक दाखवला असता, तर त्याच्या किमतीवरून वर्तमानपत्रांत वाद झडले असते. व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या, हेही नोंदवायला हवं. शिवाय हा निकाल एका प्रकारच्या कॅन्सरचा आहे, तो सगळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

मला या चाचणीत आकड्यांपेक्षा वेगळी गोष्ट मोलाची वाटते. पुस्तिका दोन्ही गटांना मिळालीच होती, म्हणजे माहितीत फरक नव्हता. व्यायामाच्या गटाला जास्तीचा मिळाला तो एक माणूस. तो ठरावीक दिवसांनी भेटायचा, किती चाललात ते विचारायचा, नाही जमलं तर का नाही ते ऐकून घ्यायचा. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तिका रोज येतात, विचारणारा माणूस मात्र मिळत नाही.

'आराम कर' या सल्ल्याची झाली तीच गत 'हे करू नका' या यादीतल्या आणखी एका सल्ल्याची झाली आहे. स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला "वहिनी, त्या हाताने बादली उचलू नका, सूज येईल" असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. २००९ मध्ये संशोधिका कॅथरिन श्मित्झ यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून चढत जात वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. म्हणजे हात जपायचा तो बांधून ठेवून नव्हे, तर हळूहळू तयार करून. योगाचंही तसंच. टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाची रीतसर चाचणी झाली, आणि वेदना व थकवा या दोन्हींत फायदा दिसला. ज्यांना रस्त्यावर चालायचा संकोच वाटतो, त्यांना ही वाट बरी.

मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला शरद पोंक्षे यांचं उदाहरण माहीत असेल. २०१८च्या अखेरीस हॉजकिन्स लिम्फोमाचं निदान, मग केमो, आणि २०१९ मध्येच 'हिमालयाची सावली'मधून रंगभूमीवर पुनरागमन. त्या दिवसांवर त्यांनी 'दुसरं वादळ' हे पुस्तकही लिहिलं. गडकरी रंगायतनात किंवा आचार्य अत्रे रंगमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला किती दम लागतो, ते नट जाणतात. पण प्रत्येकाने वर्षभरात रंगमंचावर उभं राहायलाच हवं, असा याचा अर्थ घेऊ नये. 'अमका बघ कसा उभा राहिला' हे वाक्य रुग्णाला बळ देण्याऐवजी अपराधी करून सोडतं. आजार वेगळा, औषधं वेगळी, वय वेगळं.

स्वतःची मोजपट्टी स्वतःच धरावी. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हातांची छातीवर घडी घालायची आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठीच्या सुरुवातीला बाईला बारा आणि पुरुषाला चौदा वेळा जमलं नाही, तर पायांतली ताकद वयाच्या मानाने कमी आहे असं समजतात. आज सहा जमले असतील तर महिन्याभराने परत मोजा. चालायची सुरुवात सपाट जागेवर दहा मिनिटांनी करावी आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. ठाण्यात कचराळी तलावाचा किंवा मासुंद्याचा काठ आहे, कल्याणला काळा तलाव आहे. डोंबिवलीत फुटपाथ शोधत बसण्यापेक्षा सावळाराम महाराज क्रीडासंकुल गाठलेलं बरं. तळपाय बधिर असतील तर चपला नकोत, मागून बंद असलेले बूट हवेत, आणि शेजारी कुणीतरी हवंच.

स्नायू परत यायचे तर प्रथिनं लागतात. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅमचं उद्दिष्ट ठेवतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला निदान ७२ ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात तेवढेच. डाळिंब, बीट आणि गव्हांकुराच्या रसावर हा हिशेब कधीच जुळत नाही. मासे, अंडी, उसळ, पनीर, दही हे रोज पोटात जायला हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

काही जणांनी विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. हाडांत आजार पसरलेला असेल, प्लेटलेट फार कमी असतील, डॉक्सोरुबिसिनसारखं हृदयावर परिणाम करू शकणारं औषध झालेलं असेल आणि चालताना छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी. आणि केमोनंतरच्या काउंट कमी असलेल्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर चालणं-बिलणं सोडून थेट रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ठाण्यात बाळकुमला होऊ घातलेल्या कॅन्सर रुग्णालयाचं भूमिपूजन २०२३ मध्ये झालं. त्यात खाटा किती असतील यावर बरंच बोललं गेलं, तसंच केमो संपलेल्यांसाठी फिजिओथेरपीचा विभाग आणि विचारपूस करणारा माणूस असेल का, हेही विचारलं जावं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी तर त्यासाठी थांबायचंही कारण नाही. आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट तलावाकाठी उभा करायला नवी इमारत लागत नाही. तोवर तुमची पुढची फॉलोअपची तारीख असेल तेव्हा रिपोर्टांबरोबर एक प्रश्न लिहून न्या: "मी किती चालू, किती वजन उचलू, आणि काय झालं तर थांबू?" उत्तर तोंडी घेऊ नका, फाइलमध्ये लिहून घ्या.