पारसिकचा बोगदा आणि यंत्राची नजर

डोंबिवलीहून जलद लोकलने ठाणे गाठणाऱ्यांना 2022 पर्यंत पारसिकचा बोगदा रोज लागायचा. 1916 साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. आता जलद लोकल मुंब्र्यावरून जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे राहिला आहे. पण दारात उभं राहून प्रवास केलेल्यांना आठवत असेल: भर उन्हातून एकदम काळोख, मग लांबवर बोगद्याचं तोंड. डोळे क्षणभर दिपायचे आणि कळव्याच्या चाळी लगेच दिसू लागायच्या. शेजारी कुणी मोबाइलवर चित्रीकरण करत असेल, तर त्याच्या पडद्यावर मात्र ते तोंड म्हणजे नुसता पांढराफटक गोळा.

यंत्रमानवाला बहुधा त्या मोबाइलसारखेच डोळे असतात. सेकंदाला तीस-साठ चित्रं काढायची आणि प्रत्येक चित्र पूर्णच्या पूर्ण पाठवायचं, समोर काही हललेलं असो वा नसो. आपला डोळा इतका उधळा नाही. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या वर, पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा लाख. त्यामुळे निवड डोळ्यातच होते आणि बदलाला झुकतं माप मिळतं. वर्षानुवर्षं एकाच खांबाशी गाडीची वाट पाहणाऱ्याला त्या खांबाचा रंग विचारा, सांगता येणार नाही. इंडिकेटरवरची गाडी बदलली तर मात्र तो कुणाच्याही आधी पुलाकडे पळालेला असतो.

ही निवड सिलिकॉनमध्ये उतरवण्याचं काम कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड आणि त्यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस केलं. माहोवाल्ड मूळची जीवशास्त्राची. माझ्या मते नेमका त्याचाच फायदा झाला. पुढे झुरिकच्या संशोधकांनी 2008 मध्ये 128 गुणिले 128 बिंदूंचा कॅमेरा मांडला. त्यात पूर्ण चित्र असं नसतंच. प्रत्येक बिंदू मागचा उजेड लक्षात ठेवतो आणि ठरावीक प्रमाणात फरक पडला तरच ‘इथे, आत्ता, वाढला’ किंवा ‘घटला’ एवढाच निरोप धाडतो, तोही काही मायक्रोसेकंदांत. फरक प्रमाणात मोजल्यामुळे दहा लाख पट उजेड-अंधार एकाच वेळी झेपतो. बोगद्याचं तोंड अशा कॅमेऱ्याला चकवत नाही. 2020 मध्ये झुरिक विद्यापीठाच्या ड्रोनने याच जातीच्या नजरेने अंगावर फेकलेला चेंडू चुकवला; धोका ओळखायला त्याला साडेतीन मिलिसेकंद पुरले.

गंमत अशी की कॅमेरा आणि समोरचं दृश्य दोन्ही स्थिर राहिले, तर असा कॅमेरा जवळपास आंधळा होतो. खरं तर आपणही झालो असतो. पण आपली बुबुळं अहोरात्र बारीक थरथरत असतात. ती थरथर प्रयोगात निष्फळ केली की दृश्य विरून जातं. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने 2024 मध्ये कॅमेऱ्यापुढे फिरता लोलक बसवून हीच थरथर उसनी आणली.

आता डोळा बदल झाला तेव्हाच बोलतो आणि मागचा संगणक मात्र अखंड खपतोय, तर विजेची बचत कसली? पवईच्या आयआयटीत उदयन गांगुली यांचा गट या मागच्या बाजूवर काम करतो. मेंदूतली पेशी तळाला बारीक भोक असलेल्या माठासारखी समजा. निरोप थेंबथेंब साचतात, काही झिरपून जातात. काठोकाठ भरला की एक ठोका आणि माठ रिकामा. चिपमध्ये हे संथपणे घडवायचं तर माठ मोठा हवा, नाहीतर धार अगदी बारीक. मोठा माठ जागा आणि वीज दोन्ही खातो. गांगुलींच्या गटाने बारीक धार निवडली आणि ती मिळवली क्वांटम टनेलिंगमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन भिंत न चढता आरपार निघून जातात त्या परिणामातून. इथेही शेवटी बोगदाच आला!

अडचणी बऱ्याच साध्या आहेत. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. आपल्याला ते जाणवत नाही, पण या कॅमेऱ्याला तो अखंड गलका वाटतो. त्यात जुलैची रात्र असली, डोंबिवलीच्या फलाटावर पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या गळत असल्या, तर प्रत्येक थेंब ही त्याच्या लेखी एक बातमीच.