फूल पडलेला डोळा आणि सुटलेला पडदा : एकाच वेळी दोन्हींवर इलाज



उसाचं पान डोळ्याला लागणं आपल्याकडे नित्याचंच. जखमेत बुरशी शिरली की बुबुळावर पांढरं फूल पडतं. जोराचा मार बसला तर बुबुळ फाटतं आणि आतला पडदाही सुटतो. अशा दुहेरी दुखण्याची ही माहिती.

बुबुळावर पुढे एक पारदर्शक काच असते. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागे असतो दृष्टिपटल, म्हणजे चित्र उमटण्याचा पडदा. गढूळ काच बदलता येते. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर डॉ. झिर्म यांनी १९०५ साली ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून पडद्यापर्यंत पोचण्याची वाट डॉ. माखेमर यांनी १९७० साली दाखवली.

पण दोन्ही बिघडले तर? गढूळ काचेतून डॉक्टरला मागचं दिसत नाही, आणि सुटलेला पडदा फार दिवस थांबत नाही. यावर डॉ. लँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तात्पुरती काच पुढे आणली. गढूळ काचेचा मधला गोल तुकडा कापतात, तिथे प्लॅस्टिकची काच बसवतात, तिच्यातून पाहून पडदा जागेवर आणतात व आत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. शेवटी तात्पुरती काच काढून दान मिळालेली खरी काच बारीक टाक्यांनी शिवतात. सगळं एकाच बैठकीत.

मात्र भलती आशा नको. नवी काच शरीर नाकारू शकतं, पडदा पुन्हा सुटू शकतो. डोळ्याला उजेडही कळत नसेल तर सहसा उपयोग होत नाही. उजेड कळत असेल, तर सोनोग्राफीने मागचा पडदा तपासून घ्या. ‘डोळा गेला’ म्हणून घरी बसू नका.

त्याहून बरं म्हणजे ही पाळीच येऊ न देणं. तोडणीला साधा चष्मा लावा. पान लागलं तर डोळा चोळू नका, झाडपाल्याचा रस किंवा दुकानातले थेंब मनाने घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आणि शेवटची काच कारखान्यात तयार होत नाही, ती माणसाकडूनच मिळते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान करता येतं. चष्मा असो, मधुमेह असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, अडत नाही. नेत्रपेढीला लगेच कळवा, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. घरच्यांची संमती लागते, म्हणून हे बोलणं आजच घरात करून ठेवा.