सांगवी पाटणच्या डोंगरावरची टायटलं

लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीची नावं सोनेरी कणांतून उलगडत येतात. बातम्यांत वक्त्याच्या नावाची पट्टी डावीकडून सरकत येते, क्षणभर थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. ही हालचाल बहुतेक वेळा त्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्याने केलेली नसते. दुसऱ्याच कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी ती रचून ठेवलेली असते. हे रचून ठेवण्याचं काम ज्यांनी धंदा म्हणून उभं केलं, त्यांत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले सांगवी पाटणचे दादासाहेब भगत आहेत.

त्यांची वाटचाल अनेकांनी वाचली असेल. दहावीनंतर आयटीआय, मग पुणे, आणि इन्फोसिसच्या गेस्टहाउसवर महिना ९,००० रुपयांची नोकरी. संगणकासमोर बसणाऱ्यांचं काम काय असतं, हे त्यांनी तिथेच विचारून घेतलं आणि ग्राफिक डिझाइन-अ‍ॅनिमेशनच्या वर्गाला गेले. पुढे मुंबई, हैदराबाद, नोकरी करता करता पायथन आणि सी प्लस प्लस शिकणं, आणि त्यानंतर नाइन्थमोशन ही स्वतःची कंपनी. तयार मोशन ग्राफिक्स टेम्प्लेटं विकायची, हा तिचा धंदा. कोरोनाच्या टाळेबंदीत ते गावी परतले. गावात नेटवर्क धड मिळेना, डोंगरावर मिळत होतं. म्हणून त्यांनी काम डोंगरावरच्या गोठ्यात हलवलं आणि गावातल्या पोरांना हाताशी घेऊन शिकवलं. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’त त्यांच्या डिझाइन टेम्प्लेट या पुढच्या कंपनीला गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी रुपये देऊ केले, तेव्हा हा गोठा घरोघरी पोचला.

जिद्दीच्या या कथेइतकंच मला त्यांनी निवडलेल्या कामाचं मोल वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

हलती अक्षरं तयार होतात ती बहुधा आफ्टर इफेक्ट्समध्ये. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका छोट्या कंपनीने १९९३ मध्ये ते बाजारात आणलं, पुढच्याच वर्षी ते अडोबीकडे आलं. व्हिडिओ कापायचा-जोडायचा मात्र प्रीमिअर, एडियस अशा वेगळ्या सॉफ्टवेअरात. एकातलं दुसऱ्यात न्यायचं कसं, हा मिक्सिंगवाल्यांचा जुना प्रश्न. त्याचं जुनं उत्तर म्हणजे रेंडर. रंगाच्या तीन वाहिन्यांबरोबर पारदर्शकतेची चौथी, म्हणजे अल्फा वाहिनी असलेली फाइल काढायची; प्रोरेस ४४४४ मधला शेवटचा ४ तिचाच असतो. नेहमीच्या एमपी४ मध्ये ही सोय नसते, म्हणून नवशिक्याची पट्टी काळा चौकोन घेऊन उतरते. अल्फा असूनही तो कुठल्या प्रकारचा आहे हे सॉफ्टवेअरने चुकीचं वाचलं, तर अक्षरांना काळपट कडा येते. एडियसवर काम करणारे बरेच जण आजही अल्फासह एचक्यूएक्स एव्हीआयमध्ये रेंडर काढून आणतात.

या पद्धतीत खरा त्रास पुढे होतो. ‘चि. सौ. कां.’नंतरच्या नावात एक वेलांटी चुकली, की परत आफ्टर इफेक्ट्स उघडा, परत रेंडर लावा. लग्नसराईत एका दुकानात अशी किती नावं येतात!

२०१७ मध्ये प्रीमिअरमध्ये इसेन्शिअल ग्राफिक्स हे पॅनेल आलं. तेव्हापासून आफ्टर इफेक्ट्समधली रचना एका फाइलीत बांधून तिथे देता येऊ लागली. तिच्या नावाच्या शेवटची .mogrt ही अक्षरं जोडून एडिटर तिला मोगर्ट म्हणतात. फाइल टाइमलाइनवर ओढायची, नाव टाइप करायचं, रंग बदलायचा. आतले कीफ्रेम, म्हणजे हालचाल ठरवणाऱ्या खुणा, झाकलेले राहतात.

ते झाकलेले राहतात म्हणूनच बनवणाऱ्याची कसोटी लागते. टेम्प्लेट वापरणारा माणूस त्याला कधी भेटणार नसतो. कुणी ‘राम’ लिहील, कुणी वडिलांसकट आणि आडनावासकट पूर्ण नाव लिहील. मागची चौकट दोन्हींना पुरली पाहिजे. त्यासाठी अक्षरांची रुंदी मोजून चौकट आपोआप वाढेल असं सूत्र लिहावं लागतं. कुणी पट्टी चार सेकंद ठेवील, कुणी चाळीस. येण्याचा आणि जाण्याचा वेग तोच राहून फक्त मधलं थांबणं लांबलं पाहिजे. हे दोन भाग संरक्षित करून ठेवता येतात, पण आठवणीने करायला हवं. अनोळखी माणसाच्या गरजेचा इतका बारीक विचार म्हणजेच या कलेतलं कौशल्य, असं मी मानतो. ते गोठ्यात बसूनही करता येतं, कारण त्याला लागतो संगणक, वीज, नेटवर्क आणि हा विचार.

मराठीपुढे मात्र जगभरची बरीच टेम्प्लेटं अडखळतात, कारण ती रोमन लिपी समोर ठेवून बनलेली असतात. चौकटीची उंची अक्षरांवरून मोजली, तर उकार येताच ती खाली वाढते आणि रफार-वेलांटी आली की वर. मग शेजारच्या दोन पट्ट्या एका रेषेत बसत नाहीत. एकेक अक्षर उडत येण्याचा आवडता प्रकार तर आणखी अवघड. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात मात्रा हे वेगळं चिन्ह असतं. त्यामुळे आधी व्यंजन येतं आणि मात्रा मागाहून येऊन चिकटते. युनिकोड फाँट वापरला आणि सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी नीट करता येत नसेल, तर जोडाक्षरं फुटतात.

यावर उपाय आहेत. उंची मोजण्याऐवजी ठरवून द्यायची, वर रफाराला आणि खाली उकाराला जागा सोडायची. अक्षराऐवजी अख्खा शब्द हलवायचा. शिरोरेषा आधी ओढून अक्षरं तिच्याखाली उतरवायची. ही शेवटची हालचाल रोमन लिपीला जमणारी नाही, ती देवनागरीसारख्या शिरोरेषा असलेल्या लिप्यांचीच. आष्टी, पाटोदा, गेवराईतल्या पोरांनी अशी टेम्प्लेटं बनवावीत. चाचणीसाठी लागणारी नावं गावातल्या कुठल्याही लग्नपत्रिकेवर मिळतील: ज्ञानेश्वर, ऋतुजा, कृष्णा, दुर्गा.