इटालियनकडे मराठीच्या वाटेने

दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेपासून आकुर्डी लोकलने फार दूर नाही. या टापूत इटालियन भाषेचा विषय काढणे अनेकांना चमत्कारिक वाटेल. परंतु १९६० च्या दशकात याच आकुर्डीत पियाज्जो या इटालियन कंपनीच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर तयार होत असे. तो करार १९७१ मध्ये संपला. ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी. आज पियाज्जोच्या बारामतीच्या कारखान्यातून निघणाऱ्या तीनचाकीचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. यंत्रे आली, नावे रुळली. भाषा मात्र आपण परकीच मानली. परकी भाषा इंग्रजीच्याच दारातून घरात येते, हा आपला समज त्याच्या मुळाशी आहे. तो कितपत खरा आहे?

समोरच्याचे मत विचारण्याचा साधा प्रसंग घेऊ. इटालियन मित्र सहज विचारतो, ‘के ने दीची?’ शब्दशः अर्थ, ‘त्याबद्दल काय म्हणतोस?’ कॉफीला जायचे असो वा सिनेमाला, बेत सुचवताना हाच प्रश्न येतो; आपणही ‘काय म्हणतोस, जायचं का?’ असेच विचारतो. विचारपूर्वक मत हवे असल्यास ‘के ने पेन्सी?’ म्हणजे ‘काय विचार आहे तुझा?’ एखादी वस्तू दाखवून झाल्यावर ‘के ते ने पारे?’ म्हणजे ‘कसं वाटतं तुला?’ आणि ‘सेकोन्दो ते’ म्हणजे सरळसरळ ‘तुझ्या मते’.

यांतील तिसरा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. इंग्रजीच्या रूढ प्रश्नात मत देणारा माणूस कर्ता असतो. मराठीत मात्र माणूस चतुर्थीत जातो आणि मत त्याला ‘वाटते’. इटालियन ‘मी पारे’ची घडण हुबेहूब अशीच आहे. त्यातील ‘मी’ म्हणजे आपला ‘मी’ नव्हे, तर ‘मला’, एवढी खूणगाठ बांधली की ‘मला वाटते’ हाती आले. ‘मी प्याचे’ म्हणजे ‘मला आवडते’, तेही त्याच चालीचे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला जे उलटे वाटते, ते मराठी मुलाच्या जिभेवर आधीच असते.

खरी कसोटी सर्वनामांची. इटालियन ‘तू’ आणि मराठी ‘तू’ उच्चाराने एकच, आणि मूळही एकच. आपण जसे ‘अरेतुरे’ आणि ‘अहोजाहो’ करतो, तसे इटालियन माणूस एखाद्याला ‘तू देतो’ किंवा ‘लेई देतो’. ओळख वाढली की ‘आता एकमेकांना तू म्हणू या’, असे तेथे उघडपणे सुचवले जाते. मात्र येथे मराठी सवय फसवूही शकते. आपले ‘तुम्ही’ अनेकवचनी, म्हणून विद्यार्थी वडीलधाऱ्यांपुढे ‘व्होई’ हे अनेकवचन वापरू पाहील. प्रमाण इटालियनमध्ये आदरासाठी ‘लेई’ आणि तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापद लागते: ‘लेई के ने पेन्सा?’ १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ हद्दपार करून ‘व्होई’ लादण्याचा खटाटोप केला. राजवट गेली, ‘लेई’ राहिले. बोलण्यातील आदर हुकमाने ठरत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

इंग्रजीत लहानथोरांना एकच सर्वनाम पुरते. त्यामुळे त्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याला हा विवेक नव्याने, नियम म्हणून पाठ करावा लागतो. मराठी मुलाने तो आजीशी आणि शेजाऱ्यांशी बोलतानाच आत्मसात केलेला असतो. ही पुंजी वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावणे हे शिक्षणाचे नुकसान आहे. परभाषेच्या शिक्षकांनी फळ्यावर इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्यही लिहावे. जेथे दोन्ही भाषा जुळतात तेथे आधार घ्यावा, जेथे फारकत होते तेथे सावध करावे. कारखान्यात परदेशी तंत्रज्ञासमोर उभ्या राहणाऱ्या तरुणाला त्याचे मत विचारण्याचे शब्द तर हवेतच. ते कोणाला, कोणत्या आदराने विचारावे ही जाणही हवी. ती जाण त्याला मायबोलीने केव्हाच दिलेली आहे.