वेठीचा जल्लोष

लेखमाला : ऐकता ऐकता (भाग ११)

सगळे जर त्याच कागदावरचे तेच स्वर वाजवतात, तर एकाच सिंफनीची सहा-सात रेकॉर्डिंग घरात ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? मागचा भाग वाचून माझ्या मेव्हण्याने हे विचारलं. तो बोईसरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. गेज, मीटर, कॅलिब्रेशन यांत त्याचा दिवस जातो. एका कामाला एक उपकरण पुरतं, दुसरं ठेवायचं ते पहिलं चुकतंय का हे बघायला, असा त्याचा हिशेब. 'भावोजी, यातलं बरोबर कुठलं ते एकदा ठरवा आणि बाकीची देऊन टाका कोणाला तरी.'

तेव्हा हा भाग त्याच्यासाठी. आणि ज्या कृतीवरून हा वाद निघाला तीच घेतो : दमित्री शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी, १९३७ सालची. चार भाग, सगळे मिळून साधारण पाऊण तास. माझ्याकडे ती पहिल्यांदा आली ती मेलोडिया या सोव्हिएत कंपनीच्या तबकडीवर, मुंबईतल्या एका पुस्तक-प्रदर्शनातून. रशियन पुस्तकं स्वस्त, तशा तबकड्याही स्वस्त. वेष्टनावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आत काय आहे हे कळायला मला काही वर्षं लागली, आणि शेवटाबद्दल म्हणाल तर अजून कळलेलं नाही.

ख्यालाच्या श्रोत्याला तुलना नवी नाही. एकच मारवा अमीर खाँसाहेबांचा ऐकायचा आणि मग दुसऱ्या कोणाचा, हे आपण करतोच. पण तिथे गवय्याला अख्खं रान मोकळं असतं. बंदिश चार ओळींची, बाकी सगळं त्याचं. सिंफनीत उलट आहे. कुठल्या व्हायोलिनने कुठला स्वर किती वेळ धरायचा, इथपर्यंत सगळं लिहिलेलं. वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हाती उरतं ते थोडं : लय, वजन, कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे ठेवायचं. माझ्या मेव्हण्याच्या भाषेत, टॉलरन्स फार कमी. एवढ्याशा जागेत माणसं अर्थ उलटा करून दाखवतात, म्हणून तर एकापेक्षा जास्त रेकॉर्डिंग ठेवायची.

आता १९३७ सालाकडे जाऊ, कारण त्या सालाशिवाय पुढचं कळणार नाही.

शोस्ताकोविच एकोणतीस वर्षांचा असताना, जानेवारी १९३६मध्ये, स्टालिन त्याचा एक ऑपेरा बघायला आला आणि संपायच्या आत उठून गेला. दोनच दिवसांनी, २८ जानेवारीला, 'प्रवदा'मध्ये त्या ऑपेराला संगीत नव्हे, गोंगाट ठरवणारा लेख आला. लेखाखाली नाव नव्हतं, म्हणजे कोणाच्या वतीने तो लिहिला होता हे सगळ्यांना कळलं. त्या काळात अशा लेखानंतर माणसं नोकरीतून जात, घरातून जात आणि मग जगातूनही जात. शोस्ताकोविचची चौथी सिंफनी तालमीला लागली होती, ती त्याने मागे घेतली. तिचं पहिलं वादन झालं थेट १९६१च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. त्याच्या बहिणीला हद्दपार केलं, तिच्या नवऱ्याला अटक झाली. त्याच्यावर लोभ असलेला मार्शल तुखाचेव्स्की जून १९३७मध्ये गोळ्या घालून मारला गेला. याच उन्हाळ्यात, एप्रिल ते जुलै, पाचवी लिहून झाली.

ती वाजवायला मिळाली येव्गेनी म्राविन्स्की या चौतीस वर्षांच्या, फारसं नाव नसलेल्या तरुणाला. तालमींच्या आधी दोघं पियानोपाशी बसत. म्राविन्स्की विचारी, इथे लय काय हवी? शोस्ताकोविच काही धड सांगत नसे. मग म्राविन्स्कीने एक युक्ती केली. तो मुद्दाम चुकीच्या लयीत वाजवू लागला. शोस्ताकोविच चिडे आणि बरोबर लय वाजवून दाखवी. काही दिवसांनी ही लबाडी त्याच्या लक्षात आली म्हणे, पण तोवर बरंच काम झालं होतं. २१ नोव्हेंबर १९३७ला लेनिनग्राडमध्ये पहिलं वादन झालं. तिसऱ्या, संथ भागात लोक उघडपणे रडले. शेवटी टाळ्या अर्धा तास चालल्या आणि म्राविन्स्कीने स्वरलिपीचं बाड डोक्यावर उचलून धरलं. अधिकाऱ्यांनाही ती पसंत पडली. शेवट जोरात, पितळी वाद्यांचा, विजयाचा. कलाकार सुधारला, असं त्यांना वाटलं.

खरंच तो विजयाचा शेवट आहे का? सगळी रेकॉर्डिंग याच एका प्रश्नावर वेगळी होतात.

शेवटच्या दीड-दोन मिनिटांत काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. कोमल गंधाराची सिंफनी शुद्ध गंधारावर येते. पाश्चात्त्य 'डी' हा आपला षड्ज धरला, तर 'ए' हा पंचम. पितळी वाद्यं मुख्य धून ताणून वाजवतात आणि त्यांच्या डोक्यावर सगळी व्हायोलिनं, सगळी बासरीच्या जातीची वाद्यं फक्त पंचम वाजवतात. पा, पा, पा, पा. अडीचशेच्या आसपास वेळा, श्वास न घेता, तोच एक स्वर. अगदी शेवटी मोठे नगारे पा-सा, पा-सा असे ठोकत येतात आणि संपतं.

याची लय काय? इथे छपाईतला एक घोळ जगप्रसिद्ध आहे. एका छापील प्रतीत चतुर्थांश स्वराला मिनिटाला १८८ ठोके दिले आहेत, तर दुसरीत अष्टमांश स्वराला १८४. अष्टमांश हा चतुर्थांशाच्या निम्मा, म्हणजे दुसऱ्या प्रतीची लय चतुर्थांशात मोजली तर ९२. पहिलीच्या निम्म्याहूनही जरा कमी. एकीकडे द्रुत, दुसरीकडे ठाय. आपल्याकडे एवढ्या फरकात माणूस बडा ख्याल संपवून छोटा सुरू करतो.

लेनर्ड बर्नस्टाइनने जलद लय घेतली. सप्टेंबर १९५९मध्ये तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन मॉस्कोला गेला आणि खुद्द शोस्ताकोविचसमोर पाचवी वाजवली. श्रोत्यांत बोरिस पास्तरनाकही होता. परतल्यावर २० ऑक्टोबरला बोस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये तिचं रेकॉर्डिंग केलं, तेच आजही मिळतं. चौथा भाग नऊ मिनिटांच्या आसपास संपतो. शेवट असा सुटतो की खुर्चीवरून उठावंसं वाटतं. दिवाळीची माळ लावल्यासारखा. आणि गंमत म्हणजे बर्नस्टाइनचं हे वादन शोस्ताकोविचला आवडलं होतं. म्हणून जे लोक छातीठोकपणे सांगतात की बर्नस्टाइनला काहीच कळलं नाही, त्यांच्याशी मी फार वाद घालत नाही, पण मान्यही करत नाही.

म्राविन्स्की संथ लयीचा, ९२च्या आसपासचा. लेनिनग्राडचा तो वाद्यवृंद त्याने १९३८पासून मरेपर्यंत, पन्नास वर्षं चालवला आणि पाचवी पुन्हा पुन्हा वाजवली. १९५४चं त्याचं रेकॉर्डिंग आहे, १९८४चं आहे, परदेशी दौऱ्यांवरचीही आहेत. त्याच्याकडे शेवट उभा राहतो तो पलटणीसारखा. सगळे एका रांगेत, टाचा जुळवून. हसू कुठे दिसत नाही.

आणि म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच. तो आधी चेलोवादक, शोस्ताकोविचचा विद्यार्थी आणि जवळचा मित्र. १९७४मध्ये देश सोडावा लागला, १९७८मध्ये नागरिकत्वही काढून घेतलं. १९८२मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर त्याने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा शेवट इतका जड आहे की पंचमाचा एकेक ठोका अंगावर पडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अति वाटलं होतं. आज रोज ऐकवत नाही, एवढंच म्हणेन.

मेव्हण्याला हे शब्दांत पटेना, म्हणून त्याने कागद घेतला. १८८ चतुर्थांश म्हणजे मिनिटाला ३७६ अष्टमांश. सेकंदाला सहाच्या वर. दुसऱ्या प्रतीत १८४, म्हणजे सेकंदाला तीन. मग दोन्ही लयींची रेकॉर्डिंग लावून टेबलावर बोटाने पंचम मोजायला लागला. तीनच्या वेगाला बोट बरोबर पडत होतं. सहाच्या वेगाला दहा-बारानंतर सुटलं. 'सोपं आहे,' तो म्हणाला. 'हे मोजता येतात, ते मोजता येत नाहीत.'

इतकी वर्षं मी जे पानंच्या पानं वाचलं त्याचा हा अर्क होता. सेकंदाला सहा पंचम आले की ते एकमेकांत विरघळतात. वेगळा स्वर उरत नाही, वर एक लखलखीत पत्रा पसरल्यासारखं होतं आणि खालची धून त्याच्या उजेडात न्हाते. तीन आले की प्रत्येक सुटा ऐकू येतो. गजाचा प्रत्येक ओढा कष्टाचा वाटतो. एकच काम, तेच काम, पुन्हा तेच, आणि वर मुकादम उभा. स्वर तेच आहेत, जल्लोषाची वेठ झाली आहे.

'वेठ' हा शब्द मी शोभेला वापरलेला नाही. मनोरला राहून तो तसा वापरता येत नाही. आमच्या या पट्ट्यात, डहाणू-तलासरीपासून पालघर-जव्हारपर्यंत, जमीनदाराच्या शेतावर वारल्यांनी फुकट राबायचं ही रीत १९४५पर्यंत उघड चालू होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे कम्युनिस्ट कार्यकर्ते आले, झरीला परिषद झाली, लाल बावटा उभा राहिला आणि ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगडसारखी माणसं पडली. तेव्हा कुठे वेठ मोडायला लागली. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं, त्यात ते सगळं आहे. ज्या बावट्याखाली इथे वेठ संपली, त्याच बावट्याच्या देशात त्याच्या आठ वर्षं आधी एक माणूस आनंद वेठीला लावल्यासारखा शेवट लिहीत होता. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. तलासरीकडच्या एका जुन्या कार्यकर्त्याला मी हे एकदा बोललो. ते गप्प राहिले, मग म्हणाले, 'तारपा लावा तुमचा,' आणि विषय बदलला.

तारप्यावरून, वारल्यांच्या त्या फुंकून वाजवायच्या वाद्यावरून, सांगतो. तारपकरी मधे, नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती. तो वाजवण्याची तऱ्हा बदलतो तशी पावलं बदलतात. लय त्याच्या हातात, पण दमल्यावर कोणीही हात सोडून बाजूला होऊ शकतो. शोस्ताकोविचच्या शेवटात बाजूला व्हायला जागा नाही. अडीचशे पंचमांत एकही विश्रांती नाही.

१९७९मध्ये 'टेस्टिमनी' नावाने शोस्ताकोविचच्या म्हणून आठवणी पश्चिमेत छापल्या गेल्या, आणि त्यात हा शेवट सक्तीचाच आहे असं आलं. त्या आठवणी किती त्याच्या आणि किती लेखक सोलोमन वोल्कोव्हच्या, यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे. मी ते पुस्तक बाजूला ठेवून ऐकतो. म्राविन्स्कीची लय त्या पुस्तकाच्या कितीतरी आधीची आहे.

फक्त शेवट लावून तुलना करणं मात्र चूक आहे आणि ती मीही बरीच वर्षं केली. लेनिनग्राडचे लोक रडले ते तिसऱ्या भागात. तिथे पितळी वाद्यं अजिबात नाहीत. तारवाद्यांचे आठ गट केलेले, एखाद्या घरात वेगवेगळ्या खोल्यांत माणसं हलक्या आवाजात बोलावीत तसे. मधेच एकटी ओबो, एकटी बासरी. भाग संपतो हार्प आणि सेलेस्टा यांच्या किणकिणीवर, इतका हळू की मनोरला दिवसा तो ऐकताच येत नाही. मस्तान नाक्यावरून महामार्गाचे ट्रक रात्रीही गिअर बदलत चढतात. आवाज वाढवून बसावं तर चौथा भाग नगारे आणि पितळ घेऊन दारावर धडकतो आणि शेजारी उठतात. एक-दोन वेळा हे झाल्यावर मी हेडफोन घेतले.

या संथ भागासाठी माझ्याकडे आंद्रे प्रेव्हिन आहे, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, १९६५. तो घाई करत नाही आणि रडवायलाही बघत नाही. बर्नार्ड हायटिंकचं १९८१चं, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ वाद्यवृंदाचं, स्वच्छ आणि तोललेलं आहे. नव्याने ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही, मी मात्र त्याच्याकडे फार वेळा जात नाही. आणि प्रेव्हिनचा संथ भाग ऐकून झाल्यावर लगेच बर्नस्टाइनचा शेवट लावून पाहा. तो पूर्वीइतका निर्धास्त वाटत नाही. असं जोडकाम करणं शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण घर माझं आहे.

मेव्हणा शेवटी मुद्द्यावर आला. 'पहिल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, लेखक हजर असताना कुठल्या लयीत वाजलं? ते काढा. बाकी सगळं त्याच्याशी लावून बघू.'

त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग नाही. म्राविन्स्कीने पुढच्या वर्षी, १९३८मध्ये, केलं, पण ते त्या काळच्या तबकड्यांसाठी, चार-साडेचार मिनिटांची एकेक बाजू धरून. लोक समोर नाहीत, रडणं नाही, अर्धा तास टाळ्या नाहीत.

'म्हणजे मास्टर गेजच नाही तुमच्याकडे,' तो म्हणाला. थोडा वेळ कपाटाकडे बघत राहिला. 'मग राहू द्या सगळी.'

जाताना गाडीसाठी बर्नस्टाइन घेऊन गेला.